मामंजींच्या साठीची पंगत

१९६४ सालचा मार्गशीर्ष होता. कराडला, मामंजींच्या घराच्या माजघरात मी केळीचं पान हातात धरून ओणवी उभी होते आणि वन्सं मला पान मांडायला शिकवत होत्या.

"असं नाही. शेंडा कुठाय? हा. हा शेंडा जेवणाऱ्याच्या उजव्या हाताला आला पाहिजे."

"उजव्या?"

"उजव्या. शेंडा म्हणजे पानाचं तोंड. शुभ ते सगळं उजवीकडे. तुमच्यात नसतं वाटतं असं काही?"

"आमच्याकडे टेबल आहे," मी म्हणाले.

वन्सं हसल्या. त्यांचं हसणं फार गोड होतं. पुढचा एक दात किंचित आडवा होता आणि हसताना त्या ओठ मिटून तो लपवायच्या. "टेबलाला तोंडच नसतं बाई. बस त्या पाटावर. एकसारखी वाकू नकोस, पोटात आहे ना."

मला पाचवा महिना होता. त्या घरात मला 'बस' म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, सुभद्राताई. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. पुढे सासूबाई गेल्या तेव्हा हे शाळेत होते. यांना न्हाऊमाखू घालण्यापासून मामंजींचं सोवळंओवळं सांभाळण्यापर्यंत सगळं वन्संनी केलं. घरात किल्ल्या त्यांच्या कमरेला असत.

मी नगरची. माहेरची हेमलता साळवे. माझे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, मीही शिक्षिका. हे सरकारी नोकरीत नगरला होते. आम्ही रजिस्टर लग्न केलं तेव्हा माझ्या घरी रडारड झाली आणि यांच्या घरी काहीच झालं नाही. मामंजींनी नुसतं बोलणं बंद केलं. मग यांची बदली नेमकी कराडलाच झाली. कराडात कुणी आम्हाला जागा देईना. घरमालक आधी यांचं आडनाव ऐकून खूश व्हायचे, मग माझं माहेर विचारायचे, आणि मग त्यांच्याकडे एकाएकी गावाहून कुणीतरी राहायला येणार असायचं. हे खाणावळीत जेवून लॉजवर राहत होते आणि मी नगरला आईकडे. बाळ यायच्या आत डोक्यावर एक छप्पर हवं होतं, आणि मामंजींच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या.

मार्गशीर्षात मामंजींचा निरोप आला. साठीशांत आहे, दोघं या. स्वयंपाक सुभद्रा करेल, पण पंगतीची पानं सुनेनं मांडावीत. बापू त्या पंगतीला बसून जेवला, तर वरच्या खोल्या तुमच्या.

बापूकाका म्हणजे मामंजींचे चुलतभाऊ. ते ज्या पंगतीला बसत तिला गावात कुणी नाव ठेवत नसे. माझ्या हातचं शिजलेलं त्यांना चाललं नसतं, पण पान काही कुणी शिजवत नाही, असा मामंजींनी तोडगा काढला होता. ते कोर्टात शिरस्तेदार होते. तोडगे काढायची त्यांना सवय होती.

"आणि हे बघ," वन्सं म्हणाल्या, "पानाभोवती भस्माची रेघ. बारीक. तुटता कामा नये."

"रांगोळी नाही? आमच्या शेजारी देशपांड्यांकडे दिवाळीला पानाभोवती रांगोळी काढायचे. महिरप, वेलबुट्टी."

"ती दिवाळीला. शांतीला होम असतो ना? मग होमाच्या पंगतीला भस्म. रांगोळी काय, कुणीही काढतं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंही. राखाडी रंगाची बारीक रेघ, हिरवंगार पान, बाकी काही नाही. मी घरीच सराव केला असता इतकी ती मला आवडली.

"मीठ कुठे वाढायचं? वर मधोमध ना?"

"कोण म्हणालं?"

"देशपांड्यांकडे..."

"तुझ्या देशपांड्यांनी साठी केली का कधी? साठीला पानात मीठ नाही वाढायचं. पुढलं आयुष्य गोड जावं म्हणून. लिंबू वाढ, चटणी वाढ. मीठ नाही." मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बाबांची बारीक नजर असते हो. एखादी गोष्ट चुकली तरी त्यांना दिसते. पण तू घाबरू नकोस. मी आहे."

मी नगरहून एक गाठोडं आणलं होतं, ते तेव्हा सोडलं. त्यात आईनं पांढऱ्या दोऱ्यानं भरलेले पांढरे रुमाल होते. आमच्या घरी जेवायचं टेबल म्हणजे बाबांनी शाळेच्या लिलावात घेतलेलं जुनं टेबल, एका पायाखाली पाटीचा तुकडा. पण आई त्यावर पांढरी चादर घालायची, काचेच्या ग्लासात दोन फुलं ठेवायची, आणि जेवताना कुणी कुणाला रागावायचं नाही असा तिचा नियम होता. मार्क कमी पडलेले असोत, दूध उतू गेलेलं असो, सगळं जेवण झाल्यावर. बाबा आशीर्वाद मागायचे आणि मग आम्ही जेवायचो. त्या टेबलापाशी बसलं की आपोआप खांदे सैल व्हायचे. मला वाटलं होतं, या घरातही माणसं जेवायला बसली की त्यांना तसंच वाटावं. पाटावर मऊ काहीतरी असावं, समोर फूल असावं. मामंजींनी माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझ्या हातचं ते एवढं पाहावं.

"हे पाटांवर अंथरले तर चालेल का, वन्सं? आणि प्रत्येक पानाशी एक एक फूल?"

वन्संनी एक रुमाल उचलला. कडेच्या भरतकामावरून बोट फिरवलं.

"पांढरे आहेत," त्या म्हणाल्या.

"रंगीत हवे होते का?"

"नको, नको. छान आहेत. अंथर. आणि फुलं परसातली तगरीची घे. सगळं पांढरं एकसारखं दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून सोवळं नेसून होमाला बसायच्या घाईत होते. मी त्यांना परसदारी गाठलं.

"अहो, मला सगळं येतं आता. दाखवू का कसं मांडणार ते?"

"मला काय दाखवतेस? मी जेवणारा माणूस." त्यांनी इकडेतिकडे पाहून माझ्या गालाला ओला हात लावला. "ताईनं शिकवलंय ना? मग झालं. ताईनं मला शर्टाची बटणं लावायला शिकवलं. आजवर एक चुकलं नाही."

"आणि बापूकाका नाही बसले तर?"

"भुकेला ब्राह्मण कुठे जातो गं? जिलबी आहे आज."

होम पुढच्या सोप्यावर चालू होता. धूर आत येत होता. स्वयंपाकघरात मी जायचं नव्हतं, त्यामुळे मी माजघरातच होते. वन्सं एकदा बाहेर आल्या, देवघराच्या फळीवर पितळेचा एक डबा ठेवला, झाकण उघडून मला दाखवला. आत रांगोळी होती, पांढरीशुभ्र, काठोकाठ.

"हा इथे असू दे हं. संध्याकाळी लागेल," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी पानं मांडली. पाट पुसून ओळीनं लावले, त्यावर आईचे रुमाल अंथरले. प्रत्येक पान धुऊन, पुसून, शेंडा उजवीकडे. मग भस्म. वाकताना पाठीतून कळ जायची, तशी मी गुडघ्यांवर बसून सरकत सरकत रेघ काढली. एकही तुटली नाही. तांब्या, फुलपात्रं, लिंबाची फोड, चटणी, आणि वरच्या कोपऱ्यात तगरीचं एक फूल. मामंजींच्या पानाशी मी दोन ठेवली. उठून दाराशी गेले आणि तिथून पाहिलं. इतकं शांत, इतकं स्वच्छ दिसत होतं, की माझी मलाच गंमत वाटली. आईला दाखवावंसं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या आगाशेकाकू वाढायला मदत करायला म्हणून परसदारानं आल्या. माजघराच्या दारात त्या थांबल्या, पंगतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्यांनाही आवडलं.

"कसं झालंय, काकू?"

त्या काही बोलायच्या आत सोप्यावरून पुरुषमंडळी आली. पुढे बापूकाका. उंबऱ्यापाशी त्यांचा पाय वर उचललेला तसाच राहिला.

"दादा," ते मागे वळून मामंजींना म्हणाले, "आज कुणाचं आहे?"

"काय कुणाचं?"

"श्राद्ध."

मामंजी पुढे आले. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"बघा, बघा की!" बापूकाकांचा आवाज चढला. "शेंडे उजवीकडे. रांगोळीच्या जागी भस्म. पानात मीठ नाही. पितरांची पानं आहेत ही! आणि पाटावर काय, पांढरं? जिवंत माणसाच्या साठीला त्याचंच श्राद्ध मांडून ठेवलंय. फुलंसुद्धा वाहिलीत. काय हो बाई, घाई झालीय का तुम्हाला वरच्या खोल्यांची?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. शब्द सगळे मराठीच होते. मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पाहिला तेव्हा मला कळलं की मी काय मांडलं आहे.

"मला... वन्संनी सांगितलं तसंच..."

वन्सं स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं घेऊन आल्या. पंगत पाहिली. पातेलं हळूच खाली ठेवलं.

"अगं, हेमलता! हे काय केलंस तू?"

"तुम्हीच सांगितलंत ना, वन्सं? होमाच्या पंगतीला भस्म म्हणून?"

"मी?" त्या गोंधळल्यासारख्या सगळ्यांकडे पाहत राहिल्या. "मी तर सकाळी रांगोळीचा डबा काढून ठेवला. तो बघा, देवघराच्या फळीवर आहे अजून. उघडून दाखवला होता की नाही तुला? खरं सांग."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"दाखवला होता," मी म्हणाले. तो दाखवला होताच.

"ताई, तू तिला शिकवत होतीस ना?" हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शिकवलं की विदू. ऐकलं एक, केलं एक. त्याला मी काय करू?" मग वन्सं माझ्याजवळ आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तिला कुणी बोलू नका. पोटुशी आहे, घाबरली असेल. आणि त्यांच्यात काही असतं का यातलं? तिला बिचारीला काय कळणार."

तो हात मी खांद्यावरून काढला नाही. मला सुचलंच नाही.

"तुम्ही सोप्यावर बसा सगळे," मामंजी म्हणाले. "आगाशेवहिनी, ही पानं गाईला घाला. जमीन पुसून घ्या आणि पुन्हा मांडा. रांगोळीची." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू मागे ये."

परसाच्या पडवीत एक लाकडी बाक होता. त्यांनी मला तिथे बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. अंगावर होमाचा धुरकट वास होता. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"मी जन्मभर कोर्टात साक्षी ऐकल्या," ते म्हणाले. रागावलेले वाटत नव्हते. "शेंडा चुकून उलटा पडू शकतो. मीठ विसरलं जाऊ शकतं. भस्माची रेघ चुकून पडत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते."

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे तुम्हाला कळलं, मामंजी."

"मला काही कळलेलं नाही. मी तुला विचारलेलं नाही आणि सुभद्रेलाही विचारणार नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. ऐकलं की काहीतरी करावं लागतं."

"पण मी खोटं..."

"तू खोटं बोललीस असं कोण म्हणतंय?" परसात आगाशेकाकू गाईपुढे पानं टाकत होत्या. "सुभद्रेला या घराबाहेर जागा नाही. तुला आहे. आईबाप आहेत, नवरा आहे, शिकलेली आहेस. आणि ती मला इतकी वर्षं दोन वेळा गरम वाढते आहे. या वयात माणूस आणखी काय बघतो?"

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"नसतं बोलावलं तर विद्याधर जन्मभर म्हणाला असता, बापानं संधी दिली नाही." ते दाराकडे वळले. "आता म्हणणार नाही."

"मी त्यांना सगळं सांगेन."

"सांग. पण जेवणं होऊ देत. माणसं भुकेली आहेत."

ते आत गेले. मी बाकावर बसून राहिले. आतून जमीन पुसल्याचा, मग पाट सरकवल्याचा आवाज येत होता. आईचे रुमाल आगाशेकाकूंनी घडी घालून माझ्या शेजारी आणून ठेवले. "मळले नाहीत हो," एवढंच म्हणाल्या.

मग हे आले. माझ्यासमोर उभे राहिले. सोवळ्याचा काठ बोटाला गुंडाळत होते.

"हेमा, आपण निघू. आत्ता निघू. एस.टी. मिळेल."

"चला," मी उठले.

"विद्याधर," आतून मामंजींची हाक आली. साधीच हाक, मोठी नाही. "पान वाढलंय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. आत पाहिलं. आत नव्या रांगोळीच्या पंगतीत बाकीचे सगळे बसले होते आणि मामंजींच्या उजव्या हाताचं एक पान रिकामं होतं. कुणी जेवायला सुरुवात केली नव्हती. सगळे त्या पानाकडे पाहत होते.

"पंगत खोळंबलीय गं," हे म्हणाले. "बाबांची साठी आहे. बसल्यासारखं करतो आणि लगेच उठतो. तू बस इथेच. पाच मिनिटं."

"अहो..."

"पाच मिनिटं," म्हणाले, आणि गेले.

पंगत नेहमीसारखीच झाली. पडवीत सगळं ऐकू येत होतं. भुरके, वाट्यांचे आवाज, 'ताक आणा', 'वहिनी, तूप'. बापूकाकांनी अळूच्या भाजीची तारीफ केली. जिलबीचा आग्रह सुरू झाला. बापूकाका यांना म्हणाले, "अरे विदू, तू सासुरवाडीला सुरीकाट्यानं जेवतोस का रे? जिलबीला काटा लावून दाखव बघू!" सगळे हसले. माझं लक्ष एकाच आवाजाकडे होतं. तो जरा उशिरानं आला. पण आला. हेही हसले.

वन्सं थाळी घेऊन पडवीत आल्या. थाळीत सगळं होतं, नीट वाढलेलं, प्रत्येक पदार्थ आपल्या जागी. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. घामानं त्यांचं कपाळ चमकत होतं.

"जेव. उपाशी राहू नकोस. पोटातल्याला काय माहीत आपली भांडणं."

"का केलंत, वन्सं?"

त्या पदरानं कपाळ पुसत होत्या. मला वाटलं, पुन्हा 'मी काय केलं' म्हणतील. नाही म्हणाल्या.

"सणाचं पान मी मांडायचं नाही. सवाष्णीनं मांडायचं. मी रांगोळीला हात लावायचा नाही. दर सणाला मी सगळं रांधते आणि पान मांडायला आगाशेकाकूंना बोलावते. श्राद्धाची पानं तेवढी मला मांडू देतात." त्या सरळ समोर पाहत होत्या. "मला येतात ती तुला शिकवली."

"मला खोल्या हव्या होत्या, वन्सं. तुमचं घर नको होतं."

"तू वर आली असतीस. मग पाणी भरायला खाली. मग बाळाचं पाणी तापवायला चुलीशी. मग बाबा नातवाला मांडीवर घेऊन तुला म्हणाले असते, सूनबाई, आज तूच वाढ." आता त्या हसल्या, तो आडवा दात न लपवता. "मग मी कुठल्या चुलीशी बसले असते, सांग? जेव. भाजी निवतेय."

मी जेवले. मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आत ते पोर लाथा मारत होतं. अळूची भाजी खरंच फार छान झाली होती. माझी थाळी रिकामी होईपर्यंत वन्सं तिथेच बसल्या आणि मग ती उचलून, बाकाखाली सांडलेली शितं वेचून आत गेल्या.

हे पंगत संपल्यावर आले. विडा चघळत होते. माझ्या ते लक्षात आलेलं पाहून त्यांनी तो परसात थुंकला. आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. शेंडा, भस्म, मीठ, डबा, मामंजी काय बोलले, वन्सं काय बोलल्या, सगळं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"ताई असं करणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तुझा ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल."

त्यानंतर आम्ही या विषयावर कधीही बोललो नाही.

कराडात आम्हाला जागा मिळाली नाहीच. चैत्रात नगरला माझी मुलगी झाली, मृणाल. ती चालायला लागली तरी हे कराडला लॉजवर आणि मी आईकडे, असंच चाललं होतं. मग यांची नगरला परत बदली झाली तेव्हा आमचा संसार सुरू झाला. मृणाल आता बडोद्याला असते. तिला दोन मुलगे आहेत.

बापूकाका नव्वदीपर्यंत जगले आणि शेवटपर्यंत पंगतींना जात राहिले.

मामंजी १९७१ साली गेले, जेवून हात धुताना. घर त्यांनी वन्संच्या नावावर केलं होतं. हे दर दिवाळीला दोन दिवस कराडला जायचे, एकटेच. मी कधी अडवलं नाही आणि त्यांनी कधी 'चल' म्हटलं नाही.

वन्सं त्या घरात एकट्या राहिल्या. वरच्या खोल्या त्यांनी ना कुणाला भाड्यानं दिल्या, ना कधी उघडल्या. १९८८च्या पावसाळ्यात त्या स्वयंपाकघरात पडल्या. दुधवाल्यानं पातेली दारात तशीच पाहिली म्हणून दार फोडलं. शेगडीवरचा भात करपून कोळसा झाला होता. एका माणसापुरताच होता. खबर आली तेव्हा हे कराडला गेले. मी शाळेत गेले, माझे तास होते.

आगाशेकाकू एकदा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नगरला आल्या होत्या. मी भेटायला गेले. डोळ्यांवर पट्टी होती, तरी आवाजावरून ओळखलं. "मला त्या दिवशीच सगळं कळलं होतं गं," म्हणाल्या. "पण बोलायचं कुणी?" मी त्यांना मोसंबी सोलून दिली.

यांना शेवटची तीन-चार वर्षं काही आठवत नसे. माणसं ओळखू यायची नाहीत. स्वभाव मात्र होता तसाच गरीब राहिला. मी जेवायला वाढायला लागले की मला ताई समजायचे. भात कालवता कालवता मध्येच थांबायचे, दाराकडे बघायचे, आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "ताई, ती बाहेरच बसलीय का गं अजून? बोलाव ना तिला आत."

"बोलावते," मी म्हणायचे. "तुम्ही जेवून घ्या."

मग ते जेवायचे.